अर्धी सांगितलेली हदीस : एका जमातीच्या सदर-निवडीचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या, कृष्णाकाठच्या एका गावातलं. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. ओळख पटेल असे दोन-चार तपशील मुद्दाम बदलले आहेत. मी कराडला वकिली करतो. न्यासांची, म्हणजे देवस्थानं, शिक्षण संस्था, जमाती यांची कामं माझ्याकडे जास्त येतात. अशा भांडणांचे कागद मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. या प्रकरणात मात्र कागदाच्या आधी एक हदीस, म्हणजे प्रेषित मुहम्मद यांच्या वचनाची परंपरेने आलेली नोंद, समोर आली, आणि तीही अर्धीच.

जमातीचा, म्हणजे गावातल्या मुस्लिम समाजाचा, न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला. मशिदीची मिळकत वक्फची, तिचा इथे संबंध नाही. न्यासाकडे एक शादीखाना आहे, एसटी स्टँडच्या रस्त्याला गाळ्यांची रांग आहे. त्या भाड्यातून शिकणाऱ्या मुलामुलींची फी, गरीब घरातलं लग्न, मयतीचा खर्च असं चालतं. रक्कम फार मोठी नाही, पण ज्याच्या घरी ती पोचते त्याला ती मोठीच असते.

सदर, म्हणजे अध्यक्ष, बरीच वर्षं एकच. मुदत संपली की जुम्म्याच्या नमाजनंतर सभा व्हायची, कोणीतरी उठून म्हणायचं, "आहे तेच राहू द्या," मागून पाच-दहा आवाज "मंजूर, मंजूर" म्हणायचे आणि इतिवृत्तात "सर्वानुमते बिनविरोध" लिहिलं जायचं. आपल्या भागात बिनविरोध या शब्दाला मोठा मान आहे. ग्रामपंचायत असो की सोसायटी, बिनविरोध झाली की गाव शहाणं ठरतं. जमातीतल्या काही वडीलधाऱ्यांनी या प्रकाराला 'इज्मा' असं धार्मिक नावही देऊन टाकलं होतं. हे मला पहिल्यापासून खटकलं. इज्मा म्हणजे जाणत्या माणसांनी एखाद्या प्रश्नाचा नीट विचार करून एकमताला येणं. ज्याच्या मुलाचं दुकान न्यासाच्या गाळ्यात आहे तो सभेत गप्प बसतो, त्याला इज्मा म्हणणं हा त्या शब्दावरच अन्याय आहे.

मग एका वर्षी विरोध झाला. कारखान्याच्या निवडणुकीत पडतात तशी दोन पॅनेलं पडली. दोन्हीकडून जेवणावळी झाल्या. मतदानाच्या आदल्या रात्री एका बाजूने माणसं घरी बोलावून कुराणावर हात ठेवून घेतले, की मत इकडेच. दुसऱ्या बाजूला हे कळल्यावर पहाटे तिकडेही तेच. थोड्या मतांनी निकाल लागला. हरलेल्यांनी मतदारयादीच खोटी म्हणून वेगळी सभा घेतली आणि आपला सदर निवडला. धर्मादाय कार्यालयात दोन चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद मागणारे अर्ज, दाखल झाले, दोन्हींवर परस्परांच्या हरकती. बँकेने विचारलं, सही कोणाची धरायची? खातं थांबलं. डी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीची फी अडली, परीक्षेचा फॉर्म अडला, आणि तिच्या वडिलांनी शेवटी कर्ज काढून पैसे भरले. सभेत गरजणाऱ्या माणसांपैकी एकालाही हे सहा महिने ठाऊक नव्हतं.

इमामसाहेबांनी ही गोष्ट बयानात, म्हणजे प्रवचनात, काढली तेव्हा दोन्ही बाजू हलल्या. नियम नव्याने लिहायला तिघांची समिती नेमायचं ठरलं: एक निवृत्त मुख्याध्यापक, उर्दू शाळेतल्या एक शिक्षिका ज्यांना सगळं गाव आपा म्हणतं, आणि बाहेरचा म्हणून मी.

पहिल्याच बैठकीत एक ज्येष्ठ बाजूला येऊन बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मुळात निवडणुकीला उभं राहणंच आपल्यात नाही. पद मागायचं नसतं." त्यांनी हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद यांनी आपले सहकारी अब्दुर्रहमान बिन समुरा यांना सांगितलं: सत्ता मागू नकोस, मागून मिळाली तर तू तिच्याच हवाली केला जाशील, न मागता मिळाली तर त्यात तुला मदत होईल. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ती आहे. तिला बाजूला सारून कोणताही नियम जमातीत टिकणार नव्हता, आणि टिकूही नये.

पण गेल्या पंधरा वर्षांत या हदीसचं गावात काय झालं होतं ते पाहा. सदरांनी पद कधीच मागितलं नाही. त्यांचे मेहुणे घरोघर फिरायचे. "मी इच्छुक नाही, समाजाचा आग्रह आहे" हे वाक्य आपण सगळ्याच पक्षांकडून ऐकलेलं आहे. जो मागत नाही त्याला कोणी विचारतही नाही. त्याचा अर्ज नसतो, मनसुबा लिहून दिलेला नसतो, मागचा हिशेब मांडायची वेळ त्याच्यावर येत नाही. उलट एक तरुण वायरमन उघडपणे म्हणाला होता, "मला एकदा संधी द्या, सगळ्या पावत्या लावून दाखवतो." त्याला पदाचा भुकेला म्हणून गप्प बसवलं गेलं. म्हणजे लोभाला रोखणारी शिकवण लोभी माणसाची ढाल झाली होती, आणि मार बसत होता सरळ माणसाला.

मुख्याध्यापकांनी सूरह यूसुफची ५५ वी आयत काढली. हजरत यूसुफ राजाला स्वतःहून म्हणतात, मला या भूमीच्या कोठारांवर नेम, मी राखणारा आहे आणि जाणता आहे. पुढे दुष्काळ येणार हे त्यांना ठाऊक होतं आणि धान्य राखायची कला अंगात होती. त्यांनी मागितली ती जबाबदारी, आणि ती का पेलेल हेही सांगितलं. मुख्याध्यापकांचं म्हणणं मला पटलं. "मला करा" एवढंच म्हणणाऱ्याला हदीस आडवी येते. "हे काम असं आहे आणि मी ते असं करीन, मला तपासा" म्हणणाऱ्याचं तसं नाही.

नियम असा झाला: उमेदवाराचं नाव सूचकाने आणि अनुमोदकाने द्यायचं, दोघांनी सभेत उभं राहून कारण सांगायचं. सहकारी सोसायटीत सूचक-अनुमोदक म्हणजे नुसत्या दोन सह्या असतात. इथे त्या सह्यांना तोंड दिलं. मग उमेदवाराने लेखी संमती द्यायची, आणि सोबत न्यासाशी असलेला आपला आणि जवळच्या नातलगांचा प्रत्येक व्यवहार लिहून द्यायचा. फलक नाही, गाडी नाही, जेवण नाही.

आता त्या शपथेचं. इथे मी जरा थांबतो, कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवलं ते या गोष्टीने.

जेवण आणि पाकीट बंद करता येईल, पण कुराणावर हात ठेवलेल्या माणसाचं काय करायचं? तो मनाने साधा असतो. त्याने मटण खाल्लेलं असतं, दबावाखाली हात ठेवलेला असतो, आणि नंतर त्याला कळतं की दुसरा माणूस जास्त लायक आहे. तरी तो मत देतो पहिल्यालाच, कारण शपथ मोडली तर पोराबाळांना बाधेल ही भीती. इंडोनेशियात मतदानाच्या पहाटे पैसे वाटण्याला 'पहाटेचा हल्ला' अशा अर्थाचा शब्द रुळला आहे. आपल्याकडे पैशाच्या जोडीला देव उचलायला लावतात. हिंदू वस्तीत भंडारा उचलतात, इथे कुराण. गुप्त मतदानाची पेटी ठेवली तरी उपयोग नाही, कारण माणूस पेटीपाशी एकटा नसतो, शपथ बरोबर असते.

मी कायद्यात उत्तर शोधत होतो. आपा दुसऱ्या बैठकीला आल्या त्या किताब घेऊनच. म्हणाल्या, "चाचांनी सांगितली ती हदीस पूर्ण नाही. पुढे आहे की." आणि वाचून दाखवलं. त्याच अब्दुर्रहमान बिन समुरांना, त्याच सांगण्यात, प्रेषित पुढे म्हणतात: आणि तू एखाद्या गोष्टीची शपथ घेतलीस, आणि तिच्याहून चांगली गोष्ट दुसरी आहे असं तुला दिसलं, तर शपथेचं प्रायश्चित्त दे आणि जे चांगलं आहे ते कर.

खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. ते ज्येष्ठही तिथेच होते. पद मागू नये हे सांगणारं वाक्य गावाला तोंडपाठ होतं, आणि शपथेत अडकलेल्याला सोडवणारं त्याच्या शेजारचं वाक्य कोणी कधी उच्चारलंच नव्हतं. कोणी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. पण जे वाक्य सत्तेवर बसलेल्याच्या सोयीचं असतं ते सांगितलं जातं आणि जे मतदाराच्या सोयीचं असतं ते मागे राहतं, हे मला न्यासांच्या घटनांमध्येही कायम दिसतं. विश्वस्तांचे अधिकार चार पानं, सभासदांचे अधिकार चार ओळी.

प्रायश्चित्तही अवघड नाही. कुराणाच्या पाचव्या सूरहमधली ८९ वी आयत सांगते: दहा गरिबांना जेवण, किंवा कपडे, किंवा गुलामाची मुक्ती, आणि हे जमत नसेल तर तीन दिवसांचे रोजे. इमामसाहेबांनी मतदानाआधीच्या सलग तीन जुम्म्यांना ही हदीस पूर्ण वाचायचं कबूल केलं. नियमावलीत आम्ही एवढंच लिहिलं की शपथ घालणाऱ्याच्या पॅनेलचा अर्ज बाद होईल. खरं काम त्या तीन बयानांनी केलं.

मतदारांवरचं ओझं उतरवायची वाट सापडली, पण भांडणाचं मूळ गाळ्यांत होतं. निम्म्याहून जास्त गाळे आजी-माजी विश्वस्तांच्या नातलगांकडे, भाडं जुन्या काळातलं, करार तोंडी. कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. इथे मुदतच लिहिलेली नव्हती, त्यामुळे मंजुरीचा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. शिवाय वर्षाला ईदच्या वेळी गाळेवाल्यांकडून सदरांच्या घरी "खुशीने" काही ना काही जायचं. त्यावर बोलताना मुख्याध्यापकांनी इब्नुल लुतबिय्याचा प्रसंग सांगितला. जकात वसूल करून आलेला हा माणूस म्हणाला, हे तुमचं आणि हे मला भेट मिळालेलं. प्रेषित मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावर, चढले आणि म्हणाले, तो आपल्या आईबापाच्या घरी बसून का राहिला नाही, मग पाहू भेट येते का! चौदाशे वर्षांपूर्वीच्या या वाक्याने हितसंबंधांचा सगळा कायदा एका दमात सांगितला आहे. आम्ही गाळ्यांची यादी, भाडेकरू, नातं आणि भाडं असा तक्ता शादीखान्याच्या भिंतीवर लावायचा नियम केला. सर्वांत जास्त आरडाओरड या एका नियमावर झाली, आणि त्यावरून मला खात्री पटली की तो योग्य जागी लागलाय.

निवडणूक घ्यायची कोणी, हा पुढचा प्रश्न. इथे दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट कामी आली. इ.स. ६४४ मध्ये जखमी अवस्थेत त्यांनी पुढचा खलिफा ठरवायला सहा जणांची शूरा, म्हणजे सल्लामंडळ, नेमली: अली, उस्मान, अब्दुर्रहमान बिन औफ, साद, जुबेर आणि तल्हा. तीन दिवसांत या सहांनी आपल्यातून एक निवडायचा. मुलगा अब्दुल्ला सल्ल्याला बसेल, पण त्याची निवड होणार नाही, हेही सांगून ठेवलं. मग अब्दुर्रहमान बिन औफ यांनी स्वतःचा हक्क सोडला आणि त्या बदल्यात निवड करून देण्याची जबाबदारी घेतली. घरोघर फिरून लोकांची मतं विचारली. काही इतिहासकार लिहितात की पडद्यामागच्या स्त्रियांनाही विचारलं. निवड झाली ती उस्मान यांची. शिया परंपरा या साऱ्या घटनाक्रमाकडे वेगळ्या नजरेने पाहते, आणि सुन्नी किताबांतही हा काळ तंट्यांपासून मुक्त दिसत नाही. तो जसाच्या तसा उचलायचा नमुना आहे असं मी मानत नाही. पण एक गोष्ट त्यात लखलखीत आहे: जो निवड घडवतो तो आधी शर्यतीतून बाहेर पडतो.

याच्या उलट काय होतं ते इंडोनेशियाने २०२३ मध्ये दाखवलं. अध्यक्ष आणि उपाध्यक्षपदासाठी किमान वय ४० होतं. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये निर्णय दिला की प्रादेशिक पदावर निवडून आलेला माणूस चाळिशीच्या आतला असला तरी चालेल. न्यायालयाचे तेव्हाचे प्रमुख अन्वर उस्मान हे तेव्हाचे अध्यक्ष जोको विडोडो यांचे मेहुणे, आणि निर्णयाचा फायदा झाला विडोडो यांचे ३६ वर्षांचे चिरंजीव जिब्रान यांना, जे पुढे उपाध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये नैतिकता मंडळाने उस्मान यांना प्रमुखपदावरून हटवलं, निर्णय मात्र कायम राहिला. आमच्या नियमात मग असं आलं की निवडणूक पाहणाऱ्या तिघांपैकी कोणी, वा त्यांचे जवळचे नातलग, त्या वेळी कोणत्याही पदाला उभे राहणार नाहीत.

"इंडोनेशियाचं इथे काय?" असं एकाने विचारलंच. माझं उत्तर असं: जगात सर्वाधिक मुस्लिम नागरिक ज्या देशांत आहेत त्यांपैकी तो एक, आणि आपला राष्ट्राध्यक्ष कसा निवडायचा हे त्याने आपल्या हयातीत, भांडत-चुकत बदललं. १९९९ मध्ये मेगावती सुकर्णोपुत्री या नेत्यांच्या पक्षाला सुमारे एक तृतीयांश, म्हणजे सर्वाधिक मतं होती. पण निवड लोकप्रतिनिधी सभेत व्हायची. तिथे आघाड्या जुळल्या आणि ३७३ विरुद्ध ३१३ मतांनी अब्दुर्रहमान वाहिद अध्यक्ष झाले. ते नहदतुल उलमा या मोठ्या मुस्लिम संघटनेचे नेते, मोठे विद्वान, उदार मनाचे. तरी २००१ मध्ये त्याच सभेने त्यांना दूर केलं. घटनादुरुस्त्या १९९९ ते २००२ अशा चार झाल्या आणि २००४ मध्ये अध्यक्षाची पहिली थेट निवडणूक झाली. चांगला माणूस वाईट पद्धतीने आला तर तो टिकत नाही, हे मी त्यातून घेतलं.

आपल्याकडच्या लोकांचा पद्धत बदलण्यावर विश्वास नसतो, आणि त्याला कारण आहे. नगराध्यक्षांची निवड २०१६ मध्ये थेट झाली, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. सरकार बदललं की पद्धत बदलते, म्हणून माणसं पद्धतीलाच डाव समजतात. त्यामुळे आम्ही अशी अट घातली की निवडणुकीचा नियम बदलला तर तो पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या निवडणुकीपासून लागू होईल. फक्त ही पहिली वेळ अपवाद, आणि तीही दोन्ही गटांच्या लेखी संमतीने.

इंडोनेशियाच्या नियमातला एक तुकडा आम्ही सरळ घेतला. तिथे पहिल्या फेरीत जिंकायला एकूण निम्म्याहून जास्त मतं लागतात, शिवाय निम्म्याहून जास्त प्रांतांत किमान २० टक्के. कारण देशाची निम्म्याहून जास्त वस्ती एकट्या जावा बेटावर. आमच्याकडे तीन मोहल्ले, आणि एकटा मोठा मोहल्ला बाकी दोघांना भारी. आजवर धाकट्या मोहल्ल्यांत मतं मागायलाही कोणी जात नव्हतं. आता प्रत्येक मोहल्ल्यातून पाचवा हिस्सा मतं मिळवावी लागतात. कोणालाच जमलं नाही तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी.

ज्येष्ठांची एक सूचना आम्ही नाकारली. सात बुजुर्गांनी बसून सदर नेमावा, असं ते म्हणत होते. तिला आधार आहे. अकराव्या शतकातले विचारवंत मावर्दी यांनी अशा निवडणाऱ्यांच्या, 'अहलुल हल्ल वल अक्द'च्या, तीन अटी लिहून ठेवल्या: सचोटी, ज्ञान आणि पारख. नहदतुल उलमाने २०१५ च्या अधिवेशनात आपला सर्वोच्च धार्मिक नेता नऊ उलमांकडून, म्हणजे धर्मपंडितांकडून, याच मार्गाने निवडला. पण तिथे ते नऊ जण शाखांकडून आलेल्या नावांतून ठरले. आमच्या सात बुजुर्गांची नावं आधीच लिहून आणलेली होती, आणि त्यांतल्या पाचांकडे गाळे होते.

स्त्रियांच्या मताबाबत आम्ही हरलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. जुन्या घटनेत सभासद म्हणजे कुटुंबप्रमुख. आपांनी बाजू मांडली ती हुदैबियाच्या प्रसंगाची. तहानंतर निराश झालेले सहकारी प्रेषितांची आज्ञा ऐकूनही जागचे हलेनात, तेव्हा त्यांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी सुचवलं की कोणाशी न बोलता आपण स्वतः कुर्बानी द्या आणि केस उतरवा. त्यांनी तसं केलं आणि सगळे उठले. "त्या दिवशी सल्ला बाईचा चालला, मग मत का चालू नये?" आपा म्हणाल्या. उत्तर कोणाकडेच नव्हतं. तरी सभेने मंजुरी दिली ती फक्त ज्या घरात स्त्रीच कुटुंबप्रमुख आहे तिथल्या मताला. समितीत बसून जिने हदीस पूर्ण केली, ती घरी नवरा आहे म्हणून मतदार नाही.

निवडणूक झाली. तिघं उभे राहिले, त्यांत तो वायरमनही होता. पहिल्या फेरीत कोणीच तिन्ही मोहल्ल्यांची अट पुरी केली नाही. दुसऱ्या फेरीत जुन्या सदरांच्या गटातलाच एक माणूस आला, पण तो आला धाकट्या मोहल्ल्यांत चार-चार वेळा जाऊन आणि आपल्या भावाच्या गाळ्याचं भाडं स्वतःहून वाढवून. दोन्ही जुन्या दावेदारांनी आपले आधीचे चेंज रिपोर्ट मागे घेत असल्याची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. नवा रिपोर्ट ९० दिवसांच्या मुदतीत दाखल केला. त्यावर एक हरकत आली आहे, सुनावणी चालू आहे. बँकेचं खातं सुरू झालं. त्या मुलीच्या वडिलांचं कर्ज न्यासाने फेडावं असा ठराव झाला. पैसे स्वीकारायला ते तयार नव्हते, आपांनी समजावल्यावर घेतले. दोन गाळेवाले भाडं वाढवायला अजूनही तयार नाहीत.

मतदानाच्या आदल्या रात्री शपथा झाल्याच. कुठे झाल्या ते मला कळलं, पण पुरावा नव्हता. निकालानंतरच्या आठवड्यात तीन-चार माणसं इशाच्या नमाजनंतर मागे थांबली आणि कफ्फारा, म्हणजे शपथेचं प्रायश्चित्त, कसा द्यायचा ते विचारून गेली. कोणत्या पॅनेलची शपथ, हे इमामसाहेबांनी विचारलं नाही. त्याच रविवारी सकाळी शादीखान्याच्या मागच्या दारापाशी कोणीतरी डाळ-भाताचे डबे ठेवून गेलं होतं. वॉचमनने मोजले, दहा होते.